ते पत्र ग्रुपवर टाकू नका : अमेरिकेतील मराठी घरमालकांस खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मी सव्वीस वर्षे न्यू जर्सीत राहतो आहे. राहत्या घराखेरीज माझे एक टाउनहाउस आहे, ते मी भाड्याने देतो. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी हेच केले आहे. पहिले घर राहायला, दुसरे मुलांच्या कॉलेजसाठी किंवा म्हातारपणाला आधार म्हणून. आपण मंडळाच्या गणपतीत भेटतो, एकमेकांच्या ग्रुपवर जाहिराती टाकतो, चांगला प्लंबर कोण ते विचारतो. तेव्हा हे पत्र तुमच्यातल्याच एकाचे आहे असे समजून वाचा.

गेल्या वर्षी माझ्या मुलीला घर हवे होते. ती पंचवीस वर्षांची आहे, नोकरी करते, स्वतःचे भाडे स्वतः भरते. तिच्याबरोबर एक कुत्रा असतो. शेल्टरमधून आणलेला, तांबूस रंगाचा, चाळीसएक पौंडांचा. माझ्या वडिलांच्या वाड्यात जो कुत्रा यायचा त्याचे नाव मोत्या असायचे, म्हणून हाही मोत्या. तिने हे पत्र वाचले, त्यातली दोन वाक्ये खोडली आणि मगच ते प्रसिद्ध करायला मला परवानगी दिली.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून तिला पॅनिक अटॅक यायला लागले. नंतर नैराश्याने गाठले. एका हिवाळ्यात अकरा दिवस ती अंथरुणातून उठली नव्हती. आम्ही दाराबाहेर ताट ठेवायचो आणि तासाभराने ते तसेच उचलायचो. औषधे सुरू झाली, थेरपी सुरू झाली, आणि काही महिन्यांनी तिच्या थेरपिस्टनेच कुत्र्याचा विषय काढला. मोत्याने तिला बरे केले असे मी म्हणणार नाही. त्याने काय केले ते सांगतो. सकाळी सहाला त्याला बाहेर न्यावेच लागते. रडून होवो, न झोपता होवो, बूट घालून दार उघडावेच लागते. रात्री छाती धडधडू लागली की तो येऊन तिच्या मांडीवर सगळे वजन टाकून पडतो, आणि त्या वजनाखाली तिचा श्वास हळूहळू जागेवर येतो. हे त्याला कोणी शिकवलेले नाही. पण ते घडताना मी दारात उभा राहून पाहिले आहे.

तर घर. आपल्याच ग्रुपवर एका ओळखीच्या गृहस्थांची जाहिरात आली. तिच्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर. तिने घर पाहिले, बोलणे झाले, लीजचा कागद यायचा होता. त्याआधी तिने, आजारामुळे मोत्या तिच्याबरोबर असण्याची गरज आहे असे थेरपिस्टचे पत्र, रीतसर ईमेलने पाठवले. दुसऱ्या दिवशी फोन आला, आणि तो तिला नाही, मला आला. “अरे, तिला नक्की झालंय तरी काय? आधी बोलला नाहीस.” मी काहीतरी पुटपुटलो. चार दिवसांनी निरोप आला की आम्हीच पुढेमागे तिथे राहायला जाऊ, देवघर असणार, कुत्रा राहून गेलेले घर नको. ते मी गिळले असते. पण त्याच आठवड्यात एका बारशाला माझ्या बायकोला कोणीतरी बाजूला घेऊन विचारले, “आता बरी आहे ना गं ती? गोळ्या चालू आहेत म्हणे.”

घर गेल्याचे तिला फारसे वाटले नाही. ही गोष्ट मात्र तिच्या जिव्हारी लागली. तेव्हापासून ती मंडळाच्या एकाही कार्यक्रमाला आलेली नाही.

मला तुमच्याशी बोलायचे आहे ते मुख्यतः याविषयी. अनोळखी अमेरिकन कंपनीच्या अपार्टमेंटमध्ये हे पत्र दिले की ते कुठल्यातरी फाइलमध्ये जाते. तिथल्या मॅनेजरला तिचे आजोळ कुठले ते ठाऊक नसते. आपल्या माणसाकडे घर मागायचे म्हणजे आपला आजार आपल्याच गावाच्या हवाली करायचा. म्हणून आपली मुले आपल्याकडे घर मागत नाहीत, आणि आपण म्हणतो की आपल्यात असले काही नसतेच.

आता कायद्याविषयी. मी वकील नाही, पण गेल्या वर्षभरात यातले बरेच वाचले, काही गोष्टी वकिलाकडून समजून घेतल्या.

घर विकताना किंवा भाड्याने देताना भेदभाव करायला मनाई करणारा फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट १९६८ चा. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिलला झाली आणि ११ एप्रिलला त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. आपल्यासारख्या सावळ्या, परक्या नावाच्या माणसांना इथे हव्या त्या वस्तीत घर घेता येते, त्यामागे तो कायदा आहे. अपंगत्वाचा समावेश त्यात वीस वर्षांनी, १९८८ च्या दुरुस्तीने झाला. ज्या कायद्याच्या पहिल्या अर्ध्या भागावर आपण इथे उभे आहोत, त्याचा दुसरा अर्धा भाग आपल्याला जाच वाटावा, हे मला स्वतःला फार लागते.

त्या दुरुस्तीत घरमालकाने ‘रीझनेबल अ‍ॅकॉमोडेशन’ द्यायला हवे असे म्हटले आहे. म्हणजे अपंग माणसाला घराचा इतरांसारखा उपयोग करता यावा, एवढ्यासाठी आपला नियम जरुरीपुरता वाकवायचा. ‘नो पेट्स’ हा असाच एक नियम. मदतीचा प्राणी कायद्याच्या लेखी पेट नसतोच. म्हणून त्याच्यावर पेट डिपॉझिट नाही, महिन्याचे पेट रेंट नाही, आणि अमुक जातीचा किंवा अमुक पौंडांवरचा नको ही अटही नाही. मानसिक आजाराने रोजचे जगणे खरोखर अडत असेल तर तोही अपंगत्वातच येतो. ही गोष्ट आपल्यातल्या बऱ्याच जणांना पटत नाही.

सर्व्हिस डॉग आणि इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमल यांत फरक आहे, आणि आपल्याकडे बहुतेक गोंधळ तिथेच होतो. सर्व्हिस डॉगला ठरावीक काम शिकवलेले असते. आंधळ्याला वाट दाखवणे, फिट येण्याआधी सावध करणे, दुःस्वप्नातून जागे करणे. दुकानात, हॉटेलात, दवाखान्यात त्याला नेता येते. सपोर्ट अ‍ॅनिमलला, म्हणजे मोत्यासारख्या सोबतीनेच आधार देणाऱ्या प्राण्याला, असे शिक्षण नसते आणि दुकानात नेण्याचा हक्कही नसतो. घराच्या बाबतीत मात्र दोघांनाही संरक्षण आहे. “तो कायदा रद्द झाला, मी वाचलंय,” असे मला तिघांनी तरी ऐकवले. त्यांनी वाचले ते विमानांविषयी. जानेवारी २०२१ पासून विमान कंपन्यांना सपोर्ट अ‍ॅनिमल नाकारता येतो. विमानाचा नियम घराला लागत नाही. ‘हड’, म्हणजे केंद्राचे गृहनिर्माण खाते, वेळोवेळी मार्गदर्शक पत्रके काढते आणि ती बदलतातही. १९८८ ची दुरुस्ती कायद्यात आहे, आणि ती बदलणे काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्याच, हाती आहे.

आंधळ्या माणसाच्या कुत्र्याला आपण कोणीच अडवत नाही. इथल्या मॉरिसटाउनच्या रस्त्यांवर ‘द सीइंग आय’ या संस्थेचे कुत्रे आणि त्यांना शिकवणारी माणसे नेहमी दिसतात. १९२९ साली टेनेसीतल्या नॅशव्हिलमध्ये ती संस्था सुरू झाली आणि पुढे न्यू जर्सीत आली. त्या आधीच्या वर्षी मॉरिस फ्रँक हा आंधळा तरुण स्वित्झर्लंडहून ‘बडी’ नावाची कुत्री घेऊन परतला आणि तिच्या भरवशावर त्याने न्यूयॉर्कचा वाहता रस्ता ओलांडून दाखवला. तोपर्यंत कुत्र्याला आत घ्या म्हटले तर दुकानदार, रेल्वेवाले, हॉटेलवाले नाहीच म्हणत. शंभर वर्षांत ती नजर बदलली. पांढरी काठी डोळ्यांना दिसते. माझ्या मुलीच्या हातात काठी नाही, तिला तिचा आजार शब्दांत सांगावा लागतो. आणि ती सांगते तेव्हा आपण तिलाच संशयाने पाहतो.

संशयाला कारण आहे, हे मला मान्य आहे. इंटरनेटवर पन्नास प्रश्नांची उत्तरे द्या, कार्डने पैसे भरा, की प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि कुत्र्याला घालायचे जाकीट घरपोच येते. अशा कागदांनी खऱ्या गरजूंचे फार नुकसान केले आहे आणि मला त्या दुकानदारांचा राग आहे. पण त्यावर आपण काय करतो? “रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट आणा,” म्हणतो. सपोर्ट अ‍ॅनिमलची सरकारी नोंदणी या देशात नाहीच. म्हणजे आपण नेमका तो कागद मागतो जो फक्त ते दुकानदारच विकतात. प्रामाणिक माणूस सर्टिफिकेट आणू शकत नाही आणि लबाड माणूस तासाभरात आणतो.

मागायचे असेल तर पत्र मागा. जो डॉक्टर किंवा थेरपिस्ट त्या माणसाला खरोखर ओळखतो आणि तपासतो त्याचे पत्र, की या व्यक्तीला असे अपंगत्व आहे आणि या प्राण्याची तिला त्यासाठी गरज आहे. कॅलिफोर्नियाने २०२२ पासून कायदाच केला, की सपोर्ट डॉगचे पत्र देण्याआधी त्या डॉक्टरचा आणि रुग्णाचा निदान तीस दिवसांचा संबंध हवा. मला तो नियम आवडतो. अपंगत्व उघड दिसत असेल आणि प्राण्याची गरजही उघड असेल, तर पत्रसुद्धा मागायचे नसते.

पण पत्राच्या पुढे जाऊ नका. आजाराचे नाव विचारायचे नाही, गोळ्या विचारायच्या नाहीत, फाइल मागायची नाही. ‘हड’ आणि न्याय खात्याने २००४ साली मिळून काढलेल्या पत्रकात हे आहे, आणि त्यातच पुढे असेही म्हटले आहे की मिळालेली माहिती गोपनीय ठेवावी, निर्णयासाठी ज्यांना तिची गरज आहे त्यांच्याखेरीज कोणाला सांगू नये. त्या यादीत तुमची बायको येत असेल, घर दोघांच्या नावावर असेल तर. बारशाला आलेली माणसे येत नाहीत. अर्जदार सज्ञान असेल तर तिचा बापही येत नाही. मला आलेला तो पहिला फोनच मुळात चूक होता. मी तेव्हा “हे तिलाच विचारा” म्हणायला हवे होते. ते मला सुचले नाही याचे मला अजून वाईट वाटते.

आता माझे स्वतःचे. २०१७ च्या वसंतात माझे टाउनहाउस रिकामे होते आणि एजंटबाईंनी एका तरुणाचा अर्ज आणला. अफगाणिस्तानात दोन वेळा जाऊन आलेला सैनिक. त्याच्याकडे एक लॅब्राडॉर होता. तो रात्री किंचाळत उठला की कुत्रा दिवा लावायचा आणि त्याच्या हाताला नाक लावून त्याला शुद्धीवर आणायचा. सगळे त्याने ईमेलमध्ये नीट लिहिले होते, पत्र जोडले होते, आधीच्या घरमालकाचा नंबरही दिला होता. एजंटबाईंनी मला बजावले की हा पेट नाही, उत्तर द्या. मी नकार दिला नाही. मी काहीच उत्तर दिले नाही. दहा दिवसांनी एका आयटीतल्या जोडप्याचा अर्ज आला आणि मी त्यांना लीज दिली. मनात म्हटले, आपण कोणाला नाही कुठे म्हणालो.

उत्तर न देणे हाही नकारच असतो, हे मला आता कळते. २०२० च्या पत्रकात ‘हड’ने साधारण दहा दिवसांत उत्तर द्यावे असे सुचवले होते. घर शोधणाऱ्याला दहा दिवससुद्धा फार असतात, तोवर चांगली घरे जातात. तक्रार करायला त्याच्याकडे एक वर्ष होते, कोर्टात जायला दोन. त्याने काही केले नाही. मुलीचे घर गेल्यावर मी ते जुने ईमेल शोधून काढले आणि त्या पत्त्यावर माफी लिहिली. ते परत आले, पत्ता बंद झाला आहे.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत, कारण त्या माझ्याही होत्या. कार्पेट खराब होईल. होऊ शकते. तेव्हा नेहमीच्या डिपॉझिटमधून तो खर्च कापून घ्या, इतर भाडेकरूंकडून घेता तसाच. कायदा फक्त आगाऊ, कुत्र्याच्या नावाने जादा पैसे घेऊ देत नाही. माझ्या घरातले सगळ्यांत मोठे नुकसान कुत्र्याने केलेले नाही. बाथटबचा नळ उघडा ठेवून सुटीवर गेलेल्या दोन इंजिनिअरांनी केले. कुत्रा चावेल अशी भीती असेल तर तो कुत्रा पाहा. त्याने आधी कोणाला चावले आहे का, जुन्या घरमालकाला विचारा. खरोखर धोकादायक कुत्रा असेल आणि तो धोका दुसऱ्या उपायाने कमी होणार नसेल तर नाही म्हणायची मुभा आहे. ‘पिट बुल म्हणजे वाईटच’ एवढ्यावर मात्र नाही म्हणता येत नाही. विम्याचे कारण सांगायचे तर विमा कंपनीकडून लेखी घ्या आणि दुसरी कंपनी मिळते का पाहा. असोसिएशनचा नियम आड येत असेल तर असोसिएशनलाही हाच कायदा लागू आहे.

छोट्या घरमालकांना सूट आहे हे तुमच्यापैकी काहींनी ऐकले असेल. चारपर्यंत घरांच्या इमारतीत मालक स्वतः राहत असेल तर, किंवा तीनपर्यंतच घरे असलेल्या मालकाने स्वतंत्र घर एजंटाशिवाय दिले तर, केंद्राचा कायदा बराचसा बाजूला राहतो. पण काही राज्यांचे कायदे याहून कडक असतात, न्यू जर्सीचा आहे. शिवाय ही सूट असलेल्या मालकालासुद्धा भेदभावाची जाहिरात करता येत नाही. ग्रुपवर ‘नो पेट्स’ लिहिले तर चालते, ‘नो सपोर्ट अ‍ॅनिमल्स’ लिहिले तर चालत नाही. गेल्या सहा महिन्यांत आपल्या ग्रुपवर तशा दोन जाहिराती मी पाहिल्या.

आणि भाडेकरूंनाही सांगतो, कारण हे पत्र तेही वाचतील. मल उचलणे, लस देणे, पट्टा बांधणे, रात्रभर भुंकू न देणे ही कामे तुमचीच. पत्र आहे म्हणून त्यातून सुटका नाही. लीजच्या आधी सांगणे सक्तीचे नाही, नंतरही मागता येते, पण शक्य असेल तर आधी आणि लेखी सांगा. माझ्या मुलीने आधी सांगितले आणि घर गमावले, तरीही ती म्हणते की पुन्हा तसेच करेन.

देवघराविषयी मला वाद घालायचा नाही. माझ्या आईचे सोवळे फार कडक होते, आणि तिच्या देव्हाऱ्यातल्या दत्ताच्या तसबिरीत चार कुत्रे होते. ती रोज त्या तसबिरीला गंध लावायची. वाड्यातल्या मोत्याला तिने स्वयंपाकघराचा उंबरा कधी ओलांडू दिला नाही, आणि त्याच्या वाटची भाकरी टाकल्याशिवाय स्वतः कधी जेवली नाही. दोन्ही एकाच घरात, एकाच दिवशी होत असे. भाड्याच्या घरात तर तुम्ही राहतही नाही.

ज्यांची मुले यंदा कॉलेजला जाणार आहेत त्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की वसतिगृहालाही हा कायदा लागतो. नेब्रास्का विद्यापीठाच्या कर्नी इथल्या शाखेने एका विद्यार्थिनीला तिचा सपोर्ट डॉग ठेवू दिला नाही, तेव्हा सरकारने खटला भरला, आणि विद्यापीठाची निवासस्थाने ही या कायद्याने ‘घरे’च आहेत असा निकाल २०१३ साली लागला. तुमच्या मुलाला कधी तशी गरज पडली तर तो आधी तुम्हाला सांगेल का, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडतो. माझ्या मुलीने मला सात महिने सांगितले नव्हते.

ती आता ऑफिसपासून पन्नास मिनिटांवर राहते. एका मोठ्या कंपनीचे अपार्टमेंट आहे. तिथल्या ऑफिसात तिने पत्र दिले, तिसऱ्या दिवशी होकार आला, कोणी काही विचारले नाही. रोज सकाळी सहाला ती मोत्याला घेऊन तिथल्या पार्किंगला वळसा घालते आणि मग गाडीत बसते.

माझे टाउनहाउस १ जूनला रिकामे होते आहे. दोन बेडरूम, मागे थोडे अंगण, अंगणाला कुंपण मी मागच्याच महिन्यात घालून घेतले. आपल्यापैकी कोणाकडे, किंवा कोणाच्या मुलाकडे, असे पत्र असेल तर त्याने ते मला एकट्याला पाठवावे, ग्रुपवर नको. मी तीन दिवसांत उत्तर देईन, आणि ते पत्र माझ्या बायकोशिवाय कोणाला दिसणार नाही.

आपला,
एक घरमालक